क्षयाचा जंतू आणि शरीरातील राखणदार

(गोसीखुर्द, जिल्हा भंडारा येथे शेतकरी मंडळींसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कृषिविद्येचा अध्यापक बोलावयास उभा राहिला म्हणजे तो धानाचे पऱ्हे, रोवणी, खताच्या मात्रा नाही तर निंदण यांवर बोलणार, अशी आपली अपेक्षा असते. आजचा विषय मात्र क्षयरोगाचा, म्हणजे टी.बी.चा आहे. पीक नुसत्या बियाण्यावर आणि खतावर उभे राहत नाही, ते राबणाऱ्या माणसाच्या अंगातील बळावर उभे राहते. ऐन रोवणीच्या दिवसांत घरातील कर्ता माणूस खोकत अंथरुणाला लागला, तर त्या घराचा हंगाम कसा जातो हे आपणास माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

मी वैद्यकीय डॉक्टर नाही. औषध कोणते घ्यावे आणि किती दिवस घ्यावे, हे आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनीच सांगावयाचे आहे. परंतु सूक्ष्म जंतूंचे शास्त्र कृषी शिक्षणात शिकावेच लागते. शिवाय क्षयावरील पहिले गुणकारी औषध शेतातील मातीतूनच हाती आले आहे. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या कृषी महाविद्यालयात सेल्मन वॅक्समन हे मातीतील जीवाणूंचे शास्त्रज्ञ होते. त्यांच्या प्रयोगशाळेत ऑक्टोबर १९४३ मध्ये अल्बर्ट शाट्झ या विद्यार्थ्याने भरपूर खत घातलेल्या शेतातील मातीतून एक सूक्ष्मजीव वेगळा केला आणि त्यापासून स्ट्रेप्टोमायसीन मिळाले. तेव्हा शेतीच्या माणसाने क्षयावर बोलणे अगदीच वावगे होणार नाही.

एकाच घरात एकाला होतो, दुसऱ्याला का नाही?

हा प्रश्न गावोगावी विचारला जातो. एकच छप्पर, एकच चूल, एकच हवा. तरी एका भावाला क्षय होतो आणि दुसरा धडधाकट राहतो. मग लोक म्हणतात की हा घराण्याचा रोग आहे, कोणी म्हणतो करणी आहे, कोणी नशिबाला बोल लावतो. या समजुतीमुळे रोगी आजार लपवितो, लेकीबाळींची लग्ने मोडतात आणि औषध उशिरा सुरू होते.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने शोधला आणि २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे जाहीर केला. म्हणूनच २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन पाळला जातो. परंतु जंतू सापडला म्हणून औषध सापडले नव्हते. महाराष्ट्राच्या पहिल्या महिला डॉक्टर आनंदीबाई जोशी अमेरिकेतून पदवी घेऊन परतल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाची २२ वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, क्षयाने गेल्या. त्या वेळी रोग्याचा भरवसा केवळ त्याच्या शरीरावर होता. आज औषध आहे, तरी शरीराच्या वाट्याचे काम शरीरालाच करावे लागते. ते काम कसे चालते, हे समजले की वरील प्रश्नाचे उत्तर मिळते.

लागण वेगळी, रोग वेगळा

प्रथम एक गोष्ट पक्की लक्षात घ्यावी. जंतू शरीरात शिरणे म्हणजे लागण. जंतूने वाढून माणसाला आजारी पाडणे म्हणजे रोग. या दोहोंत मोठे अंतर आहे.

याचे उदाहरण आपल्या विदर्भातीलच आहे. वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत २००४ मध्ये ७२६ आरोग्य कर्मचाऱ्यांची तपासणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रत्येकावर दोन चाचण्या केल्या. पहिली जुनी त्वचेची चाचणी, म्हणजे हातावर सुई टोचून दोन-तीन दिवसांनी सूज मोजणे. दुसरी रक्ताची चाचणी. हिच्यात थोडे रक्त घेऊन ते क्षयजंतूच्या विशिष्ट प्रथिनांबरोबर रात्रभर ठेवतात. रक्तातील पेशींची त्या जंतूशी पूर्वी गाठ पडलेली असेल, तर त्या पेशी जंतूची प्रथिने ओळखतात आणि इंटरफेरॉन गॅमा नावाचा पदार्थ सोडतात. तो किती सुटला हे मोजले की लागण कळते.

निष्कर्ष असा निघाला की निम्म्या कर्मचाऱ्यांची दोहोंपैकी किमान एक चाचणी लागण दाखवीत होती. ही कामावर हजर असलेली माणसे होती. ज्यांना अशी लागण होते त्यांपैकी शेकडा ५ ते १० जणांनाच पुढे आयुष्यात कधीतरी रोग होतो आणि त्यांतील पुष्कळांना तो पहिल्या दोन वर्षांतच होतो. उरलेल्या ९० ते ९५ जणांचे रक्षण त्यांच्या शरीरातील राखणदार पेशी करीत असतात.

पहिला राखणदार : भक्षक पेशी

फुफ्फुसाचा क्षय असलेला रोगी खोकला किंवा शिंकला की अतिशय बारीक तुषार हवेत जातात. मोठे थेंब खाली पडतात, पण सर्वांत बारीक कण बंद खोलीत तासन् तास तरंगत राहतात. असा कण श्वासाबरोबर फुफ्फुसाच्या अगदी टोकाला असलेल्या वायुकोशात पोहोचतो.

वायुकोशात भक्षक पेशी पहाऱ्यावर असतात. शास्त्रात त्यांना मॅक्रोफेज म्हणतात. धूळ, धूर, जंतू जे काही आत येईल ते गिळावयाचे हे त्यांचे काम. गिळलेला जंतू पेशीच्या आत एका पिशवीत जातो. मग आम्ल व पाचक रस असलेली दुसरी पिशवी तिला येऊन मिळते आणि जंतू विरघळून जातो. बहुतेक जंतूंचा निकाल येथेच लागतो.

क्षयाचा जंतू मात्र चिवट आहे. त्याच्या अंगावर मेणासारखे जाड कवच असते. शिवाय तो या दोन पिशव्या एकमेकींना मिळूच देत नाही. ज्या राखणदाराने त्याला पकडले, त्याच्याच पोटात तो मुक्काम करतो आणि सावकाश वाढतो. पोटात राहणारे साधे जीवाणू वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतात. क्षयाच्या जंतूला त्यासाठी सुमारे वीस तास लागतात. गती कमी असल्यामुळे सुरुवातीला काही जाणवत नाही. ना ताप, ना खोकला.

निरोप पोहोचण्यास लागणारा वेळ

फुफ्फुसात आणखी एका जातीच्या पेशी असतात. त्यांना फांद्यांसारखे हात असतात. त्या जंतूचे तुकडे उचलून जवळच्या लसिका ग्रंथीत नेतात. लसिका ग्रंथी म्हणजे जेथे टी पेशी जमलेल्या असतात ते ठाणे. टी पेशी लाखो प्रकारच्या असतात आणि प्रत्येक प्रकार एकाच खुणेला ओळखतो. क्षयजंतूची खूण ओळखणारी पेशी सापडली की तिची संख्या वाढविली जाते आणि ती फौज रक्तावाटे फुफ्फुसाकडे निघते.

क्षयाच्या बाबतीत हे काम फार सावकाश होते. लागण झाल्यापासून चाचणीत दिसेल इतकी टी पेशींची तयारी होण्यास साधारणपणे २ ते ८ आठवडे लागतात. तेवढ्या अवधीत जंतू आपला जम बसवितो. म्हणून घरात नवा रोगी आढळला की संपर्कातील माणसांची एकदाच तपासणी करून थांबू नये. आरोग्य कर्मचारी पुन्हा बोलावतील तेव्हा पुन्हा जावे.

टी पेशींचा हुकूम आणि गाठीचा धुरा

मदतनीस टी पेशी फुफ्फुसात पोहोचतात आणि इंटरफेरॉन गॅमा सोडतात. सेवाग्रामच्या रक्तचाचणीत मोजला तो हाच पदार्थ. भक्षक पेशींच्या दृष्टीने तो हुकूम असतो. तो मिळताच सुस्त पडलेल्या भक्षक पेशी चेततात, त्यांच्या पिशव्यांतील आम्ल वाढते, जंतूला मारणारी द्रव्ये तयार होतात. दुसऱ्या जातीच्या टी पेशी जंतूने भरलेल्या पेशींनाच ठार करतात.

तरीही सर्व जंतू मरतीलच असे नाही. तेव्हा शरीर त्यांना वेढा घालते. मध्ये जंतू असलेल्या भक्षक पेशी, त्यांतील कित्येक एकमेकींत मिसळून झालेल्या मोठ्या पेशी, त्यांच्याभोवती टी पेशींचे कडे आणि बाहेरून तंतूंचे आवरण, अशी एक बारीक गाठ तयार होते. गाठीच्या मध्यभागी मेलेल्या पेशींचा, फाटलेल्या दुधाच्या चोथ्यासारखा गोळा असतो. तेथे प्राणवायू कमी असतो, अन्न नसते, म्हणून उरलेले जंतू वाढ थांबवून सुप्त पडतात.

ही गाठ म्हणजे बांधीचा धुरा समजावा. धुरा एकदा घातला म्हणून काम संपत नाही. उंदीर बीळ करतो, खेकडा भोक पाडतो, पावसाने माती वाहते. दरवर्षी त्यावर माती चढवावी लागते. आपल्या शेजारच्या गोसीखुर्द धरणाला ३३ दरवाजे आहेत, पण एवढे मोठे धरण झाले तरी देखरेख कोणी सोडली नाही. गाठीचेही तसेच आहे. तिच्यातील पेशी रोज मरतात आणि त्यांच्या जागी नव्या पेशी येतात. नव्या पेशींचा पुरवठा चालू असेतोवर धुरा टिकतो.

धुरा का फुटतो?

आपण रोवणी केलेल्या बांधीत सावा पाहतो. जमिनीत त्याचे बी असतेच. बांधीत पाणी उभे असेतोवर ते बरेचसे दबून राहते. पाणी आटले की पंधरवड्यात हिरवेगार होऊन वर येते. बी नव्याने कोणी पेरलेले नसते. सुप्त क्षयजंतूचे असेच आहे. राखणदार पेशींचे बळ ओसरले की वर्षानुवर्षे दबलेला जंतू डोके वर काढतो. हे बळ ओसरण्याची मुख्य कारणे अशी :

१) उपासमार व निकस आहार. अन्न कमी पडले की टी पेशींची संख्या आणि ताकद दोन्ही घटतात.

२) एच.आय.व्ही. हा विषाणू मदतनीस टी पेशींनाच नष्ट करतो. हुकूम देणाराच राहत नाही.

३) मधुमेह. मधुमेही माणसास क्षय होण्याचा धोका इतरांच्या दोन ते तीनपट असतो.

४) बिडी, तंबाखू आणि दारू. बिडीच्या धुराने वायुकोशातील भक्षक पेशी दुबळ्या होतात. आपल्या भंडारा-गोंदिया भागात बिडीचा धंदा जुना आहे, म्हणून हे मुद्दाम सांगावे लागते. बंद घरातील चुलीचा धूरही फुफ्फुसास वाईटच.

५) दगडाची बारीक धूळ. खाणीत व दगड फोडण्याच्या कामावर जाणाऱ्यांच्या भक्षक पेशी या धुळीने मरतात.

६) काही औषधे. सांधेदुखीच्या एका प्रकारावर टी.एन.एफ. नावाचा पदार्थ दाबणारी औषधे देतात. ती घेणाऱ्यांत क्षय उफाळून येतो असे २००१ मध्ये निदर्शनास आले. गाठ बांधून ठेवण्यास हा पदार्थ लागतो, हे त्यावरून माणसांतही स्पष्ट झाले.

धुरा फुटला म्हणजे मधला गोळा पातळ होतो, श्वासनलिकेत उतरतो आणि फुफ्फुसात पोकळी पडते. मग खोकल्यावाटे जंतू बाहेर पडून दुसऱ्याच्या घरी जातो. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे ही लक्षणे बऱ्याच अंशी शरीराच्या स्वतःच्या लढाईतून निर्माण होतात. तोच टी.एन.एफ. जास्त झाला की ताप आणतो, भूक मारतो, अंगावरचे मांस उतरवितो. तेव्हा असा ताप ही केवळ कामाची थकावट समजून अंगावर काढू नये.

ताटातील अन्न आणि धुऱ्याची डागडुजी

आता शेतकऱ्याच्या हातातील गोष्टीकडे येऊ. राखणदार पेशी प्रथिनांच्या बनलेल्या असतात. प्रथिने ताटातून येतात. हे म्हणणे खरे की खोटे याची परीक्षा झारखंड राज्यात घेण्यात आली. तेथील चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात क्षयरोग्यांच्या घरातील दहा हजारांहून अधिक माणसांची पाहणी झाली. रोग्यांना सर्वत्र शिधा दिला. घरातील इतर माणसांना मात्र काही गावसमूहांत शिधा दिला आणि काहींत दिला नाही. शिधा काय होता? माणशी दरमहा ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ, सोबत जीवनसत्त्वाच्या गोळ्या. २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या घरांना शिधा मिळाला तेथे नव्याने होणाऱ्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी भरले. तपासणीत जंतू सापडलेला फुफ्फुसाचा क्षय तर ४८ टक्क्यांनी कमी झाला.

त्या घरांत हवा तीच होती, जंतूही तोच होता. बदल झाला तो ताटात. आपण धान पिकवितो. आपल्याकडे भात पोटभर मिळतो, पण भाताबरोबर वरण किती पडते, हे प्रत्येकाने आपल्या घरी पाहावे. धान विकून पैसा येतो तेव्हा घरची तूरही विकली जाते आणि मुलांच्या ताटात पातळ आंबील किंवा नुसता रस्सा उरतो. बाईमाणूस सर्वांत शेवटी जेवते आणि डाळ तिच्यापर्यंत पोहोचत नाही. हा तोटा हिशेबाच्या वहीत दिसत नाही, फुफ्फुसात दिसतो.

लस आणि औषध

बी.सी.जी.ची लस काल्मेत आणि ग्वेरँ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी तयार केली. त्यांतील ग्वेरँ हे पशुवैद्य होते. गाईगुरांतील क्षयाचा जंतू त्यांनी बटाटा आणि बैलाचे पित्त यांवर १९०८ पासून १३ वर्षे पुन्हा पुन्हा वाढविला. त्यामुळे तो निरुपद्रवी झाला आणि १९२१ मध्ये ही लस प्रथम देण्यात आली. टी पेशींना जंतूची ओळख आधीच करून देणे हे तिचे काम. लहान मुलांना मेंदूच्या व सर्वांगात पसरणाऱ्या क्षयापासून ती वाचविते, म्हणून जन्मताच टोचून घ्यावी. परंतु तमिळनाडूतील चिंगलपट भागात १९६८ पासून झालेल्या मोठ्या चाचणीत मोठ्या माणसांच्या फुफ्फुसाच्या क्षयापासून तिने संरक्षण दिल्याचे आढळले नाही. तेव्हा लहानपणी लस टोचली आहे म्हणून निर्धास्त राहू नये.

औषध सुरू केल्यावर महिना-दीड महिन्यात खोकला थांबतो, भूक लागते आणि रोगी गोळ्या सोडतो. येथेच घात होतो. निंदण केले की वर आलेले तण निघते, पण जमिनीतील बी राहते. औषधाने वाढणारे जंतू लवकर मरतात, गाठीच्या पोटातील सुप्त जंतू मागे राहतात. त्यांच्यासाठी साधारणपणे सहा महिन्यांचा पूर्ण उपचार ठेवलेला असतो. अर्धवट औषधाने उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात. कमी मात्रेत वरचेवर फवारणी केली की कीड कशी निर्ढावते, हे आपण शेतात पाहिलेच आहे.

काय करावे?

१) दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, वजनात घट किंवा बेडक्यातून रक्त यांपैकी काही असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन तपासणी करून घ्यावी. शासनाच्या क्षयरोग दुरीकरण कार्यक्रमात तपासणी व औषधे मोफत मिळतात.

२) रोग्याने औषध डॉक्टर थांबवीपर्यंत घ्यावे. बरे वाटते म्हणून सोडू नये.

३) घरातील सर्वांची, विशेषतः पाच वर्षांखालील मुलांची तपासणी करावी. रोग नसला तरी प्रतिबंधक औषध द्यावयाचे का, हे डॉक्टरांना विचारावे.

४) रोग्याला आहारासाठी शासनाकडून मदत मिळते. नोव्हेंबर २०२४ पासून ती दरमहा १,००० रुपये करण्यात आली. आशाताईंकडे नोंदणीची चौकशी करावी. ही रक्कम डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे यांवरच खर्च करावी.

५) बांधीच्या धुऱ्यावर तूर लावावी. धानानंतर ओलाव्यावर हरभरा, उडीद किंवा मूग घ्यावा आणि घरापुरती डाळ बाजूला काढून मगच बाकीची विकावी. परसात शेवगा व पालेभाज्या लावाव्यात. तलावातील मासे मिळतात तेथे ते आहारात ठेवावेत.

६) झोपण्याच्या खोलीस खिडकी ठेवावी व ती उघडी ठेवावी. ऊन आणि वारा जंतूला मानवत नाही. खोकताना तोंडावर रुमाल धरावा, कोठेही थुंकू नये.

७) दूध उकळूनच प्यावे, कारण गुरांतील क्षयाचा जंतू कच्च्या दुधातून माणसास होऊ शकतो.

८) बिडी, तंबाखू, दारू सोडावी. मधुमेह असल्यास तो आटोक्यात ठेवावा.

मंडळी, एकाच घरात एकाला क्षय होतो आणि दुसऱ्याला का होत नाही, याचे उत्तर आता आपणास देता येईल. त्यात करणी नाही आणि घराण्याचा दोषही नाही. किती जंतू आत गेले आणि राखणदार पेशींना किती बळ मिळाले, यांवर ते बरेचसे अवलंबून असते. म्हणून ज्या घरी रोगी आहे त्या घराकडे पाठ फिरवू नये. त्याच्या रोवणीला दोन दिवस हात लावावा, त्याला औषधाची आठवण द्यावी आणि पायलीभर तूर त्याच्या घरी पोहोचवावी. एवढी विनंती करून मी माझे भाषण संपवितो.